गौर कोण आणणार

शाळेत मधली सुट्टी चालू होती आणि नवऱ्याचा फोन आला. "वहिनी गेली…" एवढंच बोलले. साखरशेतची माझी थोरली जाऊ, यमुना, आठ दिवसांच्या तापात गेली. मी हातात खडू धरून उभी राहिले आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. यंदा गौर मी आणणार!

मी तिला बाय म्हणायची. बाय चौथी शिकलेली, मी डी.एड. झालेली, जव्हारला नोकरी, स्वतःची स्कूटी. पण भाद्रपदात घरी गेलं की माझं सगळं उंबऱ्याबाहेर राहायचं. गौर आणायची ती बायनेच. बांधावरचा तेरडा घेऊन, डोक्यावर पदर ओढून ती दारात उभी राहिली की सासूबाईंचा चेहरा उजळायचा, आणि तिचे पाय धुवायला तांब्या घेऊन कोण उभी? मी. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिच्या नागलीच्या भाकऱ्या फुगायच्या, माझ्या फाटायच्या. माझी पोटची मुलगीसुद्धा गेल्या गेल्या तिच्याच मांडीवर जाऊन बसायची.

एका वर्षी मी हट्टच धरला, या खेपेला मी आणते. "आण की, मास्तरीणबाई," बाय हसून म्हणाली. मी माळावर गेले, विळ्याने छान टवटवीत तेरडा कापला, देठ एकसारखे केले, जुडी बांधली. परतताना विहिरीपाशी बाय भेटली. तिने जुडी उलटी करून पाहिली.

"अगं, हिला पाय कुठं हायेत?"

तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मुलांना सणांवर निबंध लिहायला लावणारी मी, मला ते सुचलं नव्हतं. बायने चारचौघींत माझं हसं केलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. पण तिने बांधावरची दोन रोपं मुळांसकट उपटली, माती धुतली, माझ्या जुडीत खोवली. "जा आता. कोणाला बोलू नको." तिनेही मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तर मी तिच्यावर जास्तच जळू लागले. पुढच्या वर्षी आपणहून पुन्हा तांब्या धरला.

यंदा सण करावा की नाही, अशी घरात कुजबुज होती. सासूबाई म्हणाल्या, "गौर माहेराला येते. तिला दार लावायचं नाय." आणि माझ्याकडे पाहिलं. मी तेरडा आणला. दारात माझे पाय धुताना माझी मुलगी रडायला लागली, आणि तेव्हाही मला टोचलं… ही माझ्यासाठी रडत नाहीये.

गौर आत आली की तिला घर दाखवतात. सासूबाई पुढे चालतात आणि जागोजागी विचारतात, "इथं काय हाय?" गौर आणणारीने म्हणायचं, "उदंड हाय." कणगीपाशी म्हणाले. चुलीपाशी म्हणाले. गोठ्यातही म्हणाले. मग आम्ही बायच्या खोलीत आलो. गोधडीची घडी कोपऱ्यात, दांडीवर तिचं हिरवं लुगडं तसंच. सासूबाई थांबल्या. मला वाटलं, इथे त्या विचारणार नाहीत. पण त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"इथं काय हाय?"

गौरीपुढे नाही म्हणायचं नसतं.

"उदंड हाय, आय," मी म्हणाले, आणि गौर तशीच उराशी धरून मटकन खाली बसले.