डाग नव्हते ते, आक्काचं गोंदण होतं

उशिरा लिहितोय, माफ करा.

आक्काचं वर्षश्राद्ध परवा झालं आणि वाटूर फाट्यावर तिच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर भलतीच बाई होती.

दोन दिवस रागानं मोबाईलवर बोटं चालत नव्हती. त्यात मी सातवी शिकलेला माणूस. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वाटूरला दिलेली. मी बदनापूरहून गेलो, फाट्यावर उतरलो आणि फ्लेक्सखाली उभा राहून आक्काला शोधत बसलो.

वरच्या ओळीत पुढारी. बाजूला मुलगा, जावई, पुतणे, सगळे गॉगल लावून. मधे एक गोरीपान बाई, भरजरी हिरवी साडी, गळ्यात मंगळसूत्र.

खाली लिहिलंय, गं. भा.

विधवा लिहायचं आणि मंगळसूत्र घालायचं. कुणाच्याच डोळ्याला टोचलं नाही?

डोळे तेवढे आक्काचे. बाकी सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरमधलं.

आक्का काळी होती. कपाळावर गोंदलेली चंद्रकोर, हनुवटीवर टिपके. आणि डाव्या हातावर नाव. काशी.

काशी हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहून सासरच्यांनी तिची सुलोचना केली. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तीर्थपुरीच्या बाजारात गोंदणारी बसली होती. बाकीच्या पोरी नवऱ्याचं नाव गोंदून घेत होत्या. आक्कानं हात पुढं केला आणि म्हणाली, काशी लिही.

आई चिडली. आक्का म्हणाली, "नवऱ्याचं नाव साऱ्या गावाला ठावं हाय. माझंच हरवून राह्यलंय."

तिला वाचता येत नव्हतं. मी कधीही गेलो की चहाच्या आधी हात पुढं.

"बघ रे, अजून बराबर हाय का?"

मी म्हणायचो, बराबर हाय आक्का. काशीच हाय.

आता फ्लेक्सवर हातच दुसऱ्या बाईचे.

मी भास्करला विचारलं. भास्कर म्हणजे आक्काचा मुलगा, माझा भाचा.

"ही कोण रे?"

"मामा, मोठी मोठी लोकं येऊन राह्यली. जरा बरं दिसावं. दुकानवाल्यानं फक्त डाग काढले."

डाग.

आईच्या कपाळावरच्या चंद्राला डाग म्हणतो.

हे वैष्णवीनं ऐकलं. वैष्णवी भास्करची मुलगी, जालन्याला बी.ए. करते. आक्का होती तेव्हाच कॉलेजात त्यांना विषय दिला होता, आपल्या भागातली कला आणि बाई. पोरींनी आपापल्या घरातलं लिहून चार्ट केले. परतूरच्या एका पोरीनं लिहिलं, आमच्या बैलांची नावं गावाला पाठ आहेत, आईचं नाव फक्त रेशन कार्डाला माहीत. वर्ग हसला म्हणे. 

वैष्णवीनं चार्टवर आजीच्या गोंदणाचं चित्र काढलं. मधे आजीचा खरा फोटो आणि खाली लिहिलं, कॅलेंडरवरच्या, लग्नपत्रिकेवरच्या, फ्लेक्सवरच्या सगळ्या बायका एकाच तोंडाच्या का असतात? माझ्या आजीचं तोंड कुठं आहे?

आक्काला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथंच होतो. आक्का म्हणाली, "मंग मी आता कलेत आले म्हण की. चहा टाक, कलावंतीण बसलीय."

तोच चार्ट वैष्णवीनं परवा पेटीतून काढला आणि मांडवात सुतळीनं बांधला. तिथंही हार घालून त्याच गोऱ्या बाईचा फोटो ठेवला होता, त्याच्या शेजारीच. 

गल्लीतल्या म्हाताऱ्या फुलं घेऊन आल्या. एकीनं फोटोकडं बघितलं, चार्टकडं बघितलं आणि म्हणाली, "ही बघा आपली सुलोचना. ती कोण पाहुणी हाय?"

फुलं सगळी चार्टसमोर पडली. तीही पुढाऱ्याच्या डोळ्यादेखत.

भास्करचं तोंड उतरलं. पाहुणे जेवायला बसल्यावर त्यानं चार्ट ओढून काढला. फाडला. पोरीला म्हणाला, "बास झालं शिक्षण. उद्यापासून कॉलेज बंद. ह्या महिन्यात स्थळ बघतो."

मी मधे पडलो तर म्हणाला, मामा, तुम्ही जेवा.

मी जेवलो नाही.

भास्कर, तू हे वाचशील. तुझ्या मित्रांनाही दिसू दे. आईच्या नावानं मांडव घातलास आणि आईलाच मांडवातून बाहेर काढलंस. आणि तिला आत आणणाऱ्या पोरीला शिक्षा. आता स्थळासाठी पोरीचा फोटोही त्याच दुकानात काढणार म्हणे. तिचे कोणते डाग काढणार?

फ्लेक्सवर भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलंय. ते त्या गोऱ्या बाईला. मी इथं ते लिहिणार नाही.

आक्का, तुझं नाव बराबर हाय. चितेवर जाळलं तरी बराबर हाय. जा तू, काळजी करू नको.

काळजी मी करतोय.

वैष्णवी बेटा, परवापासून तुझा फोन बंद आहे. तुझी आई म्हणते झोपलीय. किती झोपशील? परीक्षा तोंडावर आली. तुझा फोन काढून घेतला का? कुणी रागावलं, मारलं का? माझं डोकं भलतीकडं जातंय.

माझ्याकडं बदनापूरला ये. पुढची खोली रिकामी आहे. स्टेशन जवळ आहे, गाडीनं रोज जालन्याला ये-जा कर. भास्करशी मी बोलतो. तो मला काय करणार?

तिच्या कॉलेजातल्या कुणी हे वाचलं तर तिला सांगा. बेटा, तू मैत्रिणीच्या फोनवरून सांग, शेजारच्या काकूच्या फोनवरून सांग.

नुसतं 'बरी आहे मामाआजोबा' एवढं सांग. पण जल्दी सांग.