फळ्यावरचा आमचा आकडा

ये गं नातबाई, जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. फोनवर दोन मिनिटं बोलतेस आणि ठेवून देतेस, ही काय रीत झाली? त्या दिवशी म्हणालीस, कुणाच्या शेतात कुठली अळी पडली ते आता मोबाईलवर बठ्ठ्यांना, अगदी सगळ्यांना दिसतं, तुमच्या वेळी असं नव्हतं. नव्हतं कसं? आमचं डेअरीच्या भिंतीवर होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सोनगीरच्या अलीकडे आमचं गाव. कृषी सहायकांनी कपाशीत सापळे लावून दिले. वर टोपी, तिच्यात मादीच्या वासाची गोळी, खाली लांब पिशवी. वासाने बोंडअळीचे पतंग येऊन पिशवीत अडकायचे, तेही फक्त नर. ते ऐकून बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रोज सकाळी पतंग मोजायचे आणि दूध घालायला गेलं की डेअरीच्या फळ्यावर आकडा लिहायचा. आकडा चढला की फवारायचं, तोवर औषध वाया घालवायचं नाही.

गावाचे आकडे चढत गेले. आमचा मात्र दोन, एक, कधी शून्य. लोक विचारायचे, काय फवारलं? मी नुसतीच हसायचे. खोटं कशाला सांगू, मिरवतच होते.

आमच्या बांधाला लागून एका अक्काचं शेत. एकटी बाई, सगळी भिस्त त्या कपाशीवर. तिला सापळा मिळाला नव्हता, आमचा आकडा तोच तिचा. एका दुपारी ती दारात आली आणि पोखरलेलं बोंड माझ्या हातावर ठेवलं.

"तुन्हा आकडा देखीसन मी फवारं नही. आते हाई देख."



दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेआधी, उजाडताच शेतात गेले. बघते तर सासूबाई माझ्या आधी पोचलेल्या. पिशवीची गाठ सोडून पतंग हलकेच झटकत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"चातुर्मास शे. मन्हा शेतमा जीव कोंडीसन मरू देऊ का?"

रोज मी पोचायच्या आत त्या सोडून देत होत्या, आणि मागे राहिलेले एक-दोन मी इमानदारीने मोजत होते.

तशीच डेअरीवर गेले. चार माणसांसमोर आकडा पुसला आणि झालं ते सांगितलं. हसं झालं. झालं तर झालं. अक्काकडे आमचा पंप घेऊन गेले, दोघींनी मिळून त्याच दिवशी फवारलं. तिची खालची बोंडं गेली, वरची वाचली.

सासूबाई काही सोडायचं थांबल्या नाहीत. पण अक्काचं बोंड पाहिल्यापासून आधी मोजायच्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून एका पतंगाला एक चिंचोका ओटीत. मी ते मोजून फळ्यावर लिहायचे.

डेअरीवाले भाऊ सासूबाईंना चिडवायचे, "आजी, कालचेच आज परत येत नसतील ना?"

"मग मी काय त्यास्ले नाव विचारू?"

त्या वर्षी अक्काच्या घरात कापूस आला. वेचायला आम्ही दोघी होतो, गप्पांत ओळी कधी संपल्या कळलंच नाही. अजून ती संध्याकाळी ओट्यावर येऊन बसते आणि तुझी चौकशी करते. तिचे गुडघे आता फार चालू देत नाहीत, तूच ये. दिवाळीची वाट बघू नकोस, या महिन्यातच येऊन जा.