नवसाचे रोडगे आणि साहेबांचा मेळा

बुलढाण्याची हवा थंड आहे म्हणतात. असेल. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळात ऊन तापू लागलं की नागपूरचे वकील, अमरावतीचे कापूसवाले आणि अकोल्याचे अंमलदार बायकापोरांसह तिथं येऊन राहत. सकाळी फिरायला जात, एखाद दिवस लोणारचं तळं बघून येत आणि उरलेला वेळ कंटाळत. तो कंटाळा घालवायला क्लबातल्या मंडळींनी चैत्रात खाण्याचा मेळा काढला. मांडव घालायचा आणि वऱ्हाडातले सगळे पदार्थ एका जागी आणून ठेवायचे. ज्यांची पोटं आधीच भरलेली होती त्यांना आणखी खायला घालायचं, तेही नुसतं चाखायला, अशी ती थोर समाजसेवा होती. मी तो मेळा एकदाच पाहिला आणि जन्माला पुरला.

माझं सासर तिथल्याच धाड गावाजवळच्या एका खेड्यात. सासरे गावचे पाटील. आम्ही दोघी सुना त्यांना मामाजी म्हणायचो, पण आपसातच, कारण त्यांच्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. ते ओसरीवर आले की डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. काही सांगायचं असलं तर लेकराकडून सांगवायचं. गावात मामाजींचा एवढा दरारा होता की कुत्रीसुद्धा त्यांच्या दारावरून भुंकत जात नसत. तेच मामाजी तहसिलीत गेले की पाठीचा कणा घरी ठेवून जात. त्यांना सरकारी किताब मिळवून रावसाहेब व्हायचं होतं. त्यासाठी ते कुणाचेही जोडे पुसायला तयार होते, आणि हे त्यांच्या दोन्ही लेकांना दिसत होतं. पण लेक म्हणजे बापापुढं नुसत्या माना डोलवणारे नंदी.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथा मुलगा झाला तेव्हा त्यांनी शिवेवरच्या मारोतीला नवस बोलला की हे पोरगं पाच वर्षांचं झालं तर गावाला रोडगे घालीन. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. वरची राख झटकायची, फोडायचा, वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. आमच्याकडे नवसाच्या रोडग्याची रीत कडक. ज्याच्यासाठी नवस, त्या लेकरानं पंगतीत फिरून आपल्या हातानं वाढायचं. आणि फोडलेला रोडगा खाणाऱ्यानं संपवायचाच. कुणी अर्धा टाकून उठला तर देवानं नवस नाकारला, लेकराचं काही खरं नाही. म्हणून वाढण्याआधी प्रत्येकाला भूक विचारायची.

पाच वर्षं जाऊबाई जीव मुठीत धरून जगल्या. पोराला साधं पडसं झालं तरी रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसत. ते पाच वर्षांचं झालं आणि त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्याचं मी पाहिलं. नवस चैत्रात फेडायचं ठरलं.

नेमकं तेव्हाच तहसीलदारानं मामाजींना सांगितलं की मेळ्यात रोडगे पाहिजेत, मोठे साहेब येणार आहेत. मामाजी घरी आले ते तरंगतच. म्हणाले, नवसाचे रोडगे तिथंच करू. देव काय एका जागी बसून असतो? खाणारे आणखी मोठे लोक मिळतील, पुण्य जास्तच लागेल. एका दगडात दोन पक्षी. ज्या माणसानं जन्मात गावाला फुकट पाणी पाजलं नाही त्याला एकदम पुण्याचा हिशेब सुचला.

जाऊबाईंनी पोराच्या तोंडून एवढंच विचारलं, की तिथं पंगत बसेल ना? मामाजी म्हणाले, बसेल, गावापेक्षा मोठी. त्या कबूल झाल्या. त्यात त्यांचा दोष नव्हता. भूक नसताना खाणारी माणसं त्यांनी पाहिलेलीच नव्हती. रोडगा हातात घेऊन कुणी तो टाकून देईल हे त्यांच्या डोक्यात यावं कसं?

आम्ही पहाटे गाड्या जुंपून निघालो. कणीक, तूप, वांगी, गोवऱ्यासुद्धा घरच्या. मांडवामागं कनात लावून आम्हा बायकांना बसवलं आणि दोघे भाऊ रोडगे भाजायला लागले. कनातीच्या फटीतून मी सगळा तमाशा पाहिला. पंगत नव्हतीच. लोक बशा घेऊन उभ्यानं हिंडत होते, जनावरं कुरणात हिंडतात तसे, फक्त जनावरं खातात. एक वकील आपल्या पाहुण्यांना समजावून सांगत होता की हे लोक शेणात स्वयंपाक करतात, तरी चव बघा. एका बाईनं रोडग्याला चमचा लावला, तो शिरेना, म्हणून ती खूप हसली. तिनंही मेळ्यात शिरा मांडला होता, आणि पुढं पदार्थांचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. बिनवेलदोड्याचा, गुठळ्या झालेला शिरा. तिचा नवरा क्लबाचा चिटणीस होता.

आमचं पोरगं नवी बंडी घालून परडीतून रोडगे वाढत फिरत होतं. जो तो कौतुकानं त्याचा गाल ओढी, एक तुकडा तोंडात घाली आणि बाकीचा टेबलाखाली ठेवून देई. काहींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत, तिथल्या तिथं हातातून सोडला. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या फटीला डोळा लावून बसल्या होत्या. प्रत्येक टाकलेला तुकडा त्यांना लेकराच्या आयुष्यातून तोडलेला दिसत होता. मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला आणि कनात वर करून सरळ बाहेर गेल्या.

त्यांनी टेबलाखालचे, मातीतले सगळे तुकडे पदरात गोळा केले. लोक बाजूला सरून बघू लागले. मामाजी मोठ्या साहेबाच्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले होते. जाऊबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्या सासऱ्याशी पहिल्यांदा बोलत होत्या.

"मामाजी, खाली बसा अन् हे संपवा. तुमच्या नातवाचा नवस हाये."

साहेबानं विचारलं, "ये औरत कौन है, पाटील?"

मामाजींनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "रसोईवाली है, हुजूर. हमारे गाँव की."

"और ये बच्चा?"

"उसी का है."

त्या पोराला आजोबा म्हणायला शिकवलं होतं, ते पुढं येऊन त्यांचा गुडघा धरत होतं. मामाजींनी गुडघा आवरून घेतला. इतका नीच माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही, आणि मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत.

जाऊबाई तिथंच जमिनीवर बसल्या, पोराला मांडीवर घेतलं आणि परक्यांचे उष्टे तुकडे खायला लागल्या. माती झटकायची आणि खायचं. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि खाऊ लागले. मी भक्तीनं नव्हते खात, संतापानं खात होते. दोघे भाऊ चुलीपाशी उभे राहून बघत होते. पुष्कळ वेळानं थोरले आले आणि बायकोशेजारी मांडी घालून बसले. माझे यजमान शेवटपर्यंत आले नाहीत.

मामाजींना रावसाहेबी मिळाली नाहीच. ती शेजारच्या गावच्या पाटलाला गेली, कारण त्यानं साहेबाला बिबट्या मारून दिला होता.

जाऊबाईंचं समाधान झालं नव्हतं. पुढच्या चैत्रात त्यांनी शिवेवरच्या मारोतीपुढं नवस पुन्हा फेडला, सगळ्या गावाला बसवून. पोरगं धडधाकट होतं, पंगतीतून पळत वाढत होतं. जाऊबाई मागून तूप घेऊन येत होत्या. त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता. तो वर्षभर नव्हता, निदान सासऱ्यासमोर तरी. घरात मामाजींनी न दिसल्यासारखं केलं होतं. आता चारचौघांत त्यांना ते झेपेना.

"पोरी, डोक्यावर पदर काऊन नाई तुह्या?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. "सासरा बसला हाये समोर."

सगळी पंगत थांबली. जाऊबाईंनी त्यांच्या फोडलेल्या रोडग्यावर तुपाची धार धरली.

"रसोईवालीले कुठला सासरा?" त्या म्हणाल्या. "जेवा, पाटील."

मामाजी खाली मान घालून जेवू लागले.