पाठीवरची पृथ्वी

शाळा तपासायला येणारे आमचे दिपोटी मोलगीचा घाट चढताना दप्तर घोड्यावर टाकत, पण पृथ्वीचा गोल उपरण्यात बांधून स्वतःच्या पाठीवर घेत. आल्या आल्या विचारत, "मास्तर, यंदा कोणता देश?"

त्या दिवशी मी भलताच जोरात होतो. पाण्याला इंग्रजीत, फारशीत, जपानीत काय म्हणतात, सगळं फळ्यावर लिहिलं.

"अन् यासना घरनी बोलीमा काय म्हनतस?" दिपोटींनी पोरांकडं बोट दाखवत विचारलं.

मला येत नव्हतं. वर्गात ती बोली मीच बंद केली होती.

"मास्तर, आते खाले बठा," म्हणत तेही माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि मागच्या रांगेतल्या एका पोरीला त्यांनी पुढं बोलावलं. तिनं आधी माझी छडी उचलली, मग तो शब्द आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

सगळ्यांत मोठ्यानं ओरडले ते दिपोटी.