मांडे मी करतो

माझे सासरे आबा गेल्याचा धुळ्याहून फोन आला आणि मी हिला घेऊन जळगाव स्टँडवरून सुटत असलेल्या बसमध्ये घाईघाईने चढलो. ही पदर डोळ्यांना लावून बसलेली, मी खंबीर जावयासारखा खिडकीबाहेर बघत... पाटी कोणीच वाचली नाही. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "भाऊ, ही पहूरला चालली. धुळं उलट्या दिशेला राहिलं." भर रस्त्यात उतरलो. ही रडता रडता हसली. आबा असते तर हा किस्सा त्यांनी गल्लीभर सांगितला असता.

आबा धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून. साहेब व्हायची भारी हौस. खात्याची परीक्षा दर खेपेला द्यायचे, नापास व्हायचे आणि तरी घरी जिलबी आणायचे. शेवटी कारकून म्हणूनच निवृत्त झाले. घरात पाण्याचा पेलाही कधी स्वतः भरून घेतला नसेल. मग सासूबाई गेल्या. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आमरसाबरोबर खापरावरचे मांडे खातात. आणि सासूबाईंचे मांडे म्हणजे... जाऊ द्या. ही एकुलती एक लेक. त्या वर्षी फोनवर बोलून गेली, "आबा, आता आखाजीला कोणाकडे येऊ?" आबा हळूच म्हणाले, "ये वं माय. मांडे मी करतो."

मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेली पोळी हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. आबा शेजारच्या नर्मदाअक्कांच्या चुलीपुढे बनियनवर शिकायला बसले. गल्लीतल्या बायका हसून बेजार. अक्का ओरडायच्या, "आबा, हाऊ मांडा शे, फाईल नही! दाबू नका!" पहिल्या आखाजीला त्यांच्या हातावरून निसटलेला मांडा थेट माझ्या नव्या पायजम्यावर आला. इतर सासरे जावयाला कपडे करतात. मला आबांनी मांडा नेसवला. पण पुढे पुढे त्यांचे मांडे असे पातळ व्हायला लागले की लग्नघरच्या बायका त्यांना बोलवायला येऊ लागल्या. एकदा घाम पुसत मला म्हणाले, "जावईबापू, जन्मभर वाटलं आपल्याला साहेब व्हायचंय... अन् निघालं हे!" इतका खूश झालेला निवृत्त कारकून मी दुसरा पाहिलेला नाही.

दिवसकार्य झालं. घराला कुलूप लावताना अक्कांनी आबांचं खापर हिच्या हातात दिलं. "ली जाय वं माय." कुलूप लावून ही ओट्यावरच उभी राहिली. म्हणाली, "संपलं माझं माहेर." मी तिच्या हातातलं खापर घेतलं.

परवा आखाजी झाली. पितरांसाठी भरतात ती घागर आबांच्या नावाने भरली आणि मी रजा टाकून आमच्या गच्चीवर तीन विटांची चूल मांडून तिच्यावर आबांचं खापर पालथं घातलं. ही हनुवटीला हात लावून बघत बसली. धुरामुळे खालच्या मजल्यावरचे लोक दोनदा वर येऊन गेले. पहिला मांडा हातातच फाटला, दुसरा चुलीत गेला, तिसऱ्याला मी मांडा म्हणायचं ठरवलं. त्यातला अर्धा आबांच्या घागरीपाशी ठेवला, अर्धा हिच्या ताटात. रसात बुडवून तिने तो सगळा खाल्ला.

"कसा झालाय?"

"कच्चा."

मी राख गोळा करायला लागलो. म्हटलं, "पुढच्या वर्षी तू जरा पुरणाचं बघ, म्हणजे..."

"मी कशाला बघू?" बोटं चाटत ही म्हणाली, "माहेरी आलेल्या लेकीला कोणी कामाला लावतं का?"