चिंचोके मोजणाऱ्या मॅडम

ज्याच्याविषयी चार ओळी लिहिल्या, त्याला त्या वाचून दाखवल्याशिवाय मॅडमना चैन पडत नसे. आमच्या भागात येणाऱ्या विद्वानांत ही सवय दुर्मीळ. ते जीपमधून येतात, माहिती घेतात, सगळ्यांना उभं करून फोटो काढतात आणि जातात. बोहारीणसुद्धा जुने कपडे नेते, पण बदल्यात एखादं भांडं ठेवून जाते. विद्वानांकडून आम्हाला भांडंही मिळालेलं नाही. त्यामुळं विद्यापीठातल्या कोणी बाई शेळ्यांचा अभ्यास करायला धाराशिवहून आमच्या गावी येणार, हे कळलं तेव्हा मी, गावच्या शाळेतला निवृत्त मास्तर, जागचा हललो नाही.

अभ्यासाचं उद्घाटन सरपंचांनी त्यांच्या रीतीनं केलं आणि मलाही ओढून नेलं. फेटे, हार, कापडी फलक आणि तेरखेड्याहून आणलेले फटाके. पहिलीच लड कडाडली आणि ज्यांच्यासाठी हा सोहळा होता त्या सगळ्या शेळ्या डोंगराकडं पसार झाल्या. मॅडमनी डोक्यावरचा फेटा काढून माझ्या हातात दिला आणि बायांबरोबर त्या शेळ्या गोळा करायला निघाल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा साडीला कुसळं चिकटली होती. म्हणाल्या, "भाषण राहिलं ते बरं झालं, गुरुजी. ओळख चांगली झाली."

पावसाळ्यात करडं का दगावतात, हे त्यांना शोधायचं होतं; पण एकटीनं नाही. किती करडं जन्मली, किती गेली, हे शेळ्या पाळणाऱ्या बायांनी सांगायचं आणि कारण सगळ्यांनी मिळून काढायचं. दर गुरुवारी मॅडम येरमाळ्यापर्यंत एसटीनं येत, तिथून मिळेल त्या वाहनानं गावात. विद्यापीठाची गाडी मागता आली असती. "गाडी आली की लोक अर्ज घेऊन येतात," त्या म्हणायच्या. "मला गप्पा हव्यात."

वर्ष सरलं. विद्यापीठात निबंध वाचायचा होता आणि त्यावर मॅडमची बढती अवलंबून होती. पण आधी पारावर, मग विद्यापीठात, हा त्यांचा नेम. मारुतीच्या पारावर उभं राहून त्यांनी वाचायला सुरुवात केली: "या गावात जन्मलेल्या करडांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्याच पावसाळ्यात दगावतात."

कौसाबाई उठल्या. गावात सगळ्यांत मोठा कळप त्यांचा, आणि आवाजही. "मॅडम, आमी काय शेळ्या मारायला पाळताव व्हय?"

"आकडे तुमचेच आहेत, कौसाबाई. तुमच्याकडं सहा करडं जन्मली, चार गेली."

मागून त्यांचे धाकटे दीर खोकले. "सहा व्हय, वैनी? मग बाकीची काय पाव्हणी आल्यात?"

पारावर हशा पिकला आणि लगेच विझला. हसणाऱ्या प्रत्येक बाईनं तेच केलं होतं. आमच्याकडं भरला गोठा तोंडानं मोजत नाहीत, नजर लागते. मेलेलं करडू मात्र खरं सांगतात. त्याला आता कोणाची नजर लागणार? जन्म कमी सांगितले, मरण पुरतं सांगितलं. सगळं वर्ष खोटं निघालं होतं, आणि फसवायचं कोणाच्याच मनात नव्हतं.

मॅडम पारावरच बसल्या. कागदांची घडी घालून त्यांनी ते पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, "हे तुम्हाला आधी वाचून दाखवलं, नशीब."

विभागप्रमुखांचं मत वेगळं होतं. "वाचून टाका," ते म्हणाले म्हणे, "इथून कोण शेळ्या मोजायला जाणार आहे?" मॅडमनी निबंध मागं घेतला. बढती त्यांच्यानंतर नोकरीला लागलेल्या एका गृहस्थांना मिळाली. थोडं जुळवून घ्यायला हवं होतं, असं मी सुचवून पाहिलं.

"गुरुजी, तो निबंध छापला असता तर हे गाव करडं मारणारं ठरलं असतं. मग गुरुवारी मी इथं कोणतं तोंड घेऊन आले असते?"

पुढच्या गुरुवारी पुन्हा पारावर बैठक बसली. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं, की घरोघरी एक गाडगं ठेवायचं. करडू जन्मलं की त्यात चिंचोका टाकायचा, गेलं की खडा. बोलायचं काही नाही. गाडगी मॅडम धाराशिवला नेऊन मोजणार.

"आन् मोजल्याची बाधा तुमाला झाली तर?" कौसाबाईंनी विचारलं.

"माझ्याकडं शेळ्याच नाहीत. काय होणार?"

कौसाबाईंना हे पटलं. दुसरा पावसाळा गेला आणि धाराशिवला मोजून आणलेली गाडगी मॅडमनी पारावर शेजारी शेजारी मांडली. काही घरच्या गाडग्यांत खडे फारच थोडे होते. का, यावर बायांनी दुपारभर डोकं चालवलं, मॅडमनी प्रश्न विचारले, आणि शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं: त्या घरांत करडं ओल्या जमिनीवर नाही, मोडक्या बाजेवर झोपत होती. आज आमच्या गावात माणसाला बाज मिळेलच असं नाही, करडांना मिळते.

निबंध छापला, तेव्हा लेखकांच्या यादीत मॅडमच्या नावाशेजारी बायांचीही नावं होती. ती आभारात घाला, असं कोणी सुचवलं होतं. मॅडमनी सांगितलं, "आभार चहा देणाऱ्याचे मानतात. यांनी काम केलंय." बढतीही पुढं मिळाली, उशिरा, आणि तिच्याबरोबर बदली.

निरोपाला सरपंचांनी पुन्हा फेटे आणले; फटाके बायांनी आणू दिले नाहीत. विद्यापीठाच्या माणसाचा मला अभिमान वाटावा, असं माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून मी भाषण टाळलं. कार्यक्रम आटोपल्यावर कौसाबाईंनी मॅडमचा हात धरला आणि त्यांना आपल्या गोठ्यात नेलं. मीही मागोमाग गेलो.

कौसाबाईंनी पहिल्या शेळीच्या पाठीवर हात ठेवला आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "एक." मग दुसरीच्या. "दोन."

मॅडमनी झटकन तोंड भिंतीकडं फिरवलं. "कौसाबाई, राहू द्या. नजर लागेल."

"तुमची न्हाय लागत," कौसाबाई म्हणाल्या. "हिकडं बघा. आन् मधी बोलू नगा, माझं चुकतंय."

आणि त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.