वाळू झाडणारी माणसं

काल अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात सायकल शर्यतीआधी एक माणूस वळणावरची बारीक खडी झाडत होता. खराट्याचा तो आवाज ऐकून मला स्वतःचीच किळस आली.

२००५ साली टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये मी रूममेट्ससोबत एका वाळवंटी देशातल्या वार्षिक सायकल शर्यतीचं रेकॉर्डिंग बघत होतो. मला एका वर्तमानपत्रासाठी वृत्तांत लिहायचा होता. सायकलस्वार येण्याआधी नारिंगी कपड्यांतले मजूर रस्त्यावरची वाळू झाडत होते. नागपूरचा मिलिंद पडद्याजवळ सरकला.

"थांब ना. बाबा तिकडे याच कामावर आहेत. तीन वर्षं पाहिलं नाही त्यांना."

"यार, झाडूवाले काय बघायचे? फॉरवर्ड कर," दुसरा रूममेट सचिन म्हणाला.

रिमोट माझ्या हातात होता. मी फॉरवर्डचं बटण दाबलं. मिलिंद उठला आणि भांडी घासू लागला.

वृत्तांतात मी लिहिलं, रस्ता स्वच्छ होता.